शेळ्यांच्या मदतीने इंग्रजी

अर्जाची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती आणि एडिनाम त्सिक्पोच्या फोनवर 'एन' उमटत नव्हता.

काच फुटल्यापासून हे असंच चाललं होतं. 'एन' गेला, त्याच्या शेजारचे दोघे गेले, आणि 'टी' दाबला की कधी एक यायचा, कधी सात. घरच्यांना निरोप पाठवायला एवढी अक्षरं पुरत होती, पण कुमासीला भरणाऱ्या इंग्रजी शिक्षकांच्या वार्षिक परिषदेला अर्ज करायला पुरत नव्हती. शाळेसमोरच्या आंब्याखाली, जिथे नेटवर्क येतं असा दोमेकोप्यातला एकमेव दगड आहे, त्या दगडावर ती बसली होती. साडेपाच वाजून गेले होते.

दोमेकोप्याच्या शाळेत ती एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. या एकोणीस वर्षांत एकदाही तिला कुठल्या प्रशिक्षणाला जायला मिळालं नव्हतं. एका वर्षी हेडसरांची मेहुणी गेली; ती शिवण शिकवायची. एकदा पत्र आलं ते शिबिर संपून आठवडा झाल्यावर. आणि गेल्या वर्षी ती ट्रोट्रोच्या, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीच्या, मागच्या बाकावर, मांडीवर कुणाचा तरी यामचा कंद घेऊन, चार तास प्रवास करून पोचली, तर सभागृहात लग्न लागत होतं. वऱ्हाडाने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण जेवणाचे गुण मिळत नाहीत. आणि तिला गुण हवे होते. डिसेंबरपर्यंत पंधरा गुण भरले नाहीत, तर शिक्षकीचा परवाना संपणार होता. कुमासीला निबंध वाचला की वीस मिळणार होते.

"मॅडम, बोटांनी कशाला झगडताय?" गणिताचा एलिके सायकल लावत म्हणाला. "फोनला तोंडी सांगा की. तो लिहून घेतो."

"तोंडी? आणि चुकला म्हणजे?"

"तुमचं इंग्रजी तुमच्या फोनला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

हे तिला पटलं. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि फळ्यासमोर बोलावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली. विषय साधा होता: मोठ्या वर्गात नोट्सच्या मदतीने मुलांना इंग्रजी बोलतं करणे. तिच्या पाचवीत चौऱ्याहत्तर मुलं होती, पुस्तकं होती अकरा. नोट्सवर तर तिची सगळी भिस्त होती. आंब्यामागे शेजारच्या आब्ला आंटीच्या शेळ्या ओरडत होत्या, म्हणून तिने आवाज चढवला. सांगून झालं तेव्हा फोनमध्ये दोन टक्के उरले होते. वाचून पाहायला वेळ नव्हता. तिने पाठवलं आणि फोनने मान टाकली.

तीन आठवड्यांनी सकाळच्या प्रार्थनेला हेडसर क्पोदो कोट घालून आले. त्यांचा कोट फक्त अंत्यविधीला आणि निकालाला बाहेर पडायचा, म्हणून मुलं आपोआप गप्प झाली.

"मुलांनो," हातातलं पत्र उंच धरून ते म्हणाले, "आपल्या शाळेचं नाव देशात निघालंय! एकशे चाळीस अर्जांतून नऊ निवडले, त्यात आपल्या त्सिक्पो मॅडम आहेत! त्यांचा विषय काय, तर," त्यांनी चष्मा सारखा केला, "मोठ्या वर्गात शेळ्यांच्या मदतीने मुलांना इंग्रजी बोलतं करणे!"

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एडिनामनेही दोन टाळ्या वाजवल्या, आणि मग तिचे हात हवेतच राहिले.

पत्रासोबत तिच्या अर्जाची प्रत होती. शिक्षकांच्या खोलीत एलिकेने ती मोठ्याने वाचायला घेतली. फोनने एकूण एक 'नोट्स'च्या जागी 'गोट्स' लिहून ठेवलं होतं.

"'प्रत्येक मुलाची स्वतःची शेळी असावी,'" एलिके वाचत होता. "'शेळ्या आटोपशीर आणि स्वच्छ असाव्यात. प्रत्येक शेळीवर तारीख घालावी. तास संपल्यावर शिक्षकाने सगळ्या शेळ्या गोळा करून लाल शाईने तपासाव्यात.'"

"पुरे, एलिके."

"थांबा हो, पुढे आहे. 'हुशार मुलाची शेळी कच्च्या मुलाने घरी नेऊन उतरवून काढावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या शेळ्या पुन्हा एकदा चाळाव्यात.'" एवढं वाचून तो बाकावर आडवा झाला आणि पोट धरून हसत सुटला.

एडिनाम तडक हेडसरांकडे गेली. "सर, घोटाळा झालाय. शेळ्या नाहीत, नोट्स आहेत. फोनने चुकीचं ऐकलं. मी आजच त्यांना कळवते."

हेडसरांचा चेहरा कोटासकट उतरला. "मॅडम, मी शिक्षणाधिकाऱ्यांना फोन केलाय."

"मग परत करा."

"ते गुरुवारी येतायत, तुमचा तास पाहायला. ही पद्धत शाळेत खरंच वापरतात असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं, तरच कुमासीला जाता येईल. त्यांनी मला विचारलं, केव्हापासून वापरता? मी म्हणालो..." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मी म्हणालो, बरीच वर्षं."

"सर!"

"अहो, तोंडातून निघून गेलं! आमेगाशी साहेबांशी बोलताना माझं असंच होतं. आता मी काय सांगू, फोन बहिरा आहे म्हणून? एक तास घ्या ना शेळीवर. देवाने शेळी दिलीय, इंग्रजी दिलंय. दोन्ही एका खोलीत आणायचं, एवढंच."

बुधवारी ती आब्ला आंटीच्या अंगणात गेली. आंटी भल्यामोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचं आक्पले घोटत होत्या. सगळं ऐकून घेतलं तरी त्यांचा हात काही थांबला नाही.

"शेळी नाही मिळायची, गाभण आहे. मिनिस्टरला ने."

मिनिस्टर हा त्यांचा काळा बोकड. दिवसभर खायचा, कुणी हाक मारली तर मान फिरवायचा, म्हणून ते नाव.

"चावत नाही ना, आंटी?"

"चावत नाही. खातो. माझं गेल्या ईस्टरचं लुगडं खाल्लंन. हे बघ एडिनाम, तू कुमासीला गेलीस की तुला शिक्क्याचा कागद मिळेल ना? तसला त्यालाही पाहिजे. फुकट नाही शाळेत जायचा माझा बोकड."

"बोकडाला प्रमाणपत्र?"

"का? तो काम करणार नाही का?"

एडिनामने कबूल केलं. त्या घडीला तिने काहीही कबूल केलं असतं.

गुरुवारी दहा वाजता आमेगाशी साहेब आले. उंच, सडपातळ माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, काखेत फाईल. शाळा तपासताना ते हसल्याचं जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. वर्गात सगळ्यात मागे ते खुर्चीवर बसले आणि मांडीवर तपासणीचा छापील कागद घेतला. हेडसर दारात उभे राहून घाम पुसत होते.

एडिनामने टेबलाच्या पायाला मिनिस्टरला बांधलं होतं. फळ्यावर तिने रात्रभर जागून रंगवलेला तक्ता होता: 'ऑन', 'अंडर', 'बिहाइंड', 'बिट्वीन'. तिने छडी उचलली आणि इंग्रजीत विचारलं, "बोकड कुठे आहे?"

एरवी या प्रश्नावर तीन हात वर आले असते, आणि तेही पहिल्या बाकावरचे. आज जवळजवळ सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "टेबलाखाली!" अगदी अचूक इंग्रजीत. एडिनामला क्षणभर आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"छान. आता..."

आता काय ते मिनिस्टरनेच ठरवलं. त्याने एक हिसडा दिला, दोरी सुटली, आणि पुढचे पाय फळ्यावर टेकून त्याने तक्त्याचा खालचा कोपरा फाडला.

"मॅडम!" पहिल्या बाकावरचा एकजण इंग्रजीत किंचाळला. "त्याने 'अंडर' खाल्लं!"

"'बिहाइंड' पण खातोय!"

"नाही, 'बिट्वीन'! 'बिहाइंड' अजून तिथेच आहे!"

मग गोंधळाला सुमार राहिला नाही. बोकड बाकांमधून, बाकांखालून आणि एकदा चक्क बाकावरून पळाला, आणि तो जिकडे जाईल तिकडची मुलं तो कुठे आहे ते वर्गाला ओरडून सांगू लागली. तास इंग्रजीचा होता, साहेब बसले होते, म्हणून सगळं इंग्रजीतच चाललं होतं. दोन मुलांचं दोरी कशी धरावी यावरून भांडण जुंपलं, तेही इंग्रजीतच. एडिनाम छडी हातात घेऊन मध्ये उभी होती आणि परवाना, कुमासी, एकोणीस वर्षं, सगळं डोळ्यांसमोरून दाराबाहेर जाताना बघत होती.

शेवटच्या बाकावर सेफाकोर बसायची. दहा वर्षांची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. वहीत सगळं बरोबर लिहायची, पण वर्षभरात वर्गात तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. नाव विचारलं तरी बाकाकडे बघायची. ती सावकाश उभी राहिली, साहेबांकडे वळली आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाली,

"साहेब, माफ करा, पण बोकड तुमचा कागद खातो आहे."

साहेबांनी खाली पाहिलं. तपासणीच्या कागदाचा निम्मा भाग मिनिस्टरच्या तोंडात होता आणि तो शांतपणे चघळत होता. दारात हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

"बाळ, पुन्हा सांग," साहेब म्हणाले.

सेफाकोरने पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज थोडा मोठा होता, आणि शेवटी तिने आपल्या मनाचं जोडलं, "आणि आता तो तुमच्या पायमोज्याकडे बघतो आहे."

आमेगाशी साहेबांचा चेहरा आधी ताणला, मग थरथरला, मग त्यांना इतकं हसू आलं की खुर्ची मागे कलली. "तेवीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं," डोळे पुसत ते एडिनामला म्हणाले, "पण न विचारता एवढं लांब वाक्य मला कुठल्या मुलाने दिलं नाही. कुठे करायची सही?"

उरलेल्या निम्म्या कागदावर त्यांनी सही केली.

आणि एडिनाम कुमासीला गेली. सभागृहात लग्न नव्हतं, हे तिने आत शिरण्याआधी दोनदा पाहून घेतलं. पण मंचावर उभी राहिली आणि समोर तीनशे शिक्षक बघितले, तेव्हा तिला खोटं बोलवेना. तिने कागद मिटला.

"खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "मी आयुष्यात एकच तास शेळीवर घेतलाय, आणि तोही नाइलाजाने. मी लिहिलं होतं नोट्स." मग फुटक्या काचेपासून साहेबांच्या पायमोज्यापर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. सेफाकोरचं वाक्य तिने सेफाकोरच्याच आवाजात म्हटलं. सभागृह हसून हसून दमलं, आणि त्या वाक्याला मात्र गप्प झालं.

खाली उतरल्यावर ती थेट अध्यक्षबाईंकडे गेली. बाई लठ्ठ आणि आनंदी होत्या, केंटेच्या रंगीबेरंगी विणलेल्या कापडात बसल्याबसल्या रुमालाने वारा घेत होत्या. "मॅडम, माझी निवड रद्द केलीत तरी माझी तक्रार नाही," एडिनाम म्हणाली.

"वेडी आहेस का? चूक आहे हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाल शाईने शेळी कोण तपासतं? अगं, नोट्सवर बासष्ट अर्ज आले होते. समितीतल्या एकानेही त्यातला एक पुरता वाचला नाही. तुझा मात्र मी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवला. शेवटी तू काय करतेस ते बघायचं होतं. वीस गुण घे आणि जेवायला बस."

एडिनाम दोन प्रमाणपत्रं घेऊन परतली. दुसऱ्यावर काय नाव घालायचं हे ऐकून कारकुनाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं होतं, पण शेवटी सुवाच्य अक्षरात 'मिनिस्टर' असं लिहून शिक्का मारला होता.

सोमवारी ती शाळेत पोचली तर हेडसर पुन्हा कोटात होते. त्यांनी एक परिपत्रक तिच्या हातात ठेवलं. येत्या सत्रापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने दर गुरुवारी एक तास शेळीच्या मदतीने इंग्रजी शिकवावं. अहवाल तीन प्रतींत पाठवावा. शिक्षकांना दर शनिवारी दोमेकोपे इथे श्रीमती त्सिक्पो प्रशिक्षण देतील.

तिने दगडावर जाऊन साहेबांना फोन लावला. "साहेब, तुम्हाला खरं सांगायचं राहिलं. ती पद्धत नव्हतीच! चूक झाली होती!"

"चूक कशी असेल, मॅडम?" साहेब प्रेमाने म्हणाले. "मी स्वतः डोळ्यांनी पाहिलीय. आणि हो, प्रशिक्षण देणाऱ्याला गुण मिळत नाहीत बरं का. ते फक्त घेणाऱ्याला."

शनिवारी सकाळी मैदानावर अकरा गावांचे अकरा शिक्षक आपापल्या दोऱ्या धरून उभे होते. काही जण पहाटेच्या ट्रोट्रोने आले होते आणि त्यांच्याकडे बघूनच कळत होतं की प्रवासात इतर उतारूंनी त्यांना काय काय ऐकवलं असेल. एका तरुण मास्तरांचा सदरा खांद्यापासून कोपरापर्यंत नव्हता. सगळे एडिनामकडे असे बघत होते, की तिला शाळेच्या पायऱ्या उतराव्याशा वाटेनात.

रांगेच्या टोकाला एक वयस्कर बाई संकोचून उभ्या होत्या. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं उरली होती. त्यांनी हळूच हात वर केला.

"मॅडम, आमच्या गावात कुणी शेळी देईना. मी मेंढी आणलीय. चालेल का?"

एडिनामने परिपत्रक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचलं. मेंढीबद्दल त्यात काहीच नव्हतं. मग तिने बाईंकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावून पायऱ्या उतरली.

"आजच्या दिवस चालेल," ती म्हणाली. "पण तिच्याशी बोलायचं ते इंग्रजीतच."