डॉक्टरांचे शेअर विकतंय कोण?

दातांच्या डॉक्टरांनी पेशंटच्या दाढेत यंत्र घातलं आणि तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. ‘खात्यातील काही शेअर विकले गेले आहेत.’ डॉक्टरांचा आ पेशंटपेक्षा मोठा झाला.

विकले? त्यांनी तर हातही लावला नव्हता! पंप बनवणारी ती कंपनी कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तेव्हा त्यांनी हेरली होती. आता भाव दहापट झाला होता. घरची सगळी शिल्लक, मुलीच्या कॉलेजच्या फीसकट, त्या एकाच शेअरमध्ये होती. आ वासून पडलेल्या प्रत्येक पेशंटला ते ही हकिकत ऐकवत. त्या अवस्थेत कुणाला विषय बदलता येत नसे.

संशय सरळ मेहुण्यावर गेला. तो मुक्कामाला आला होता. डॉक्टर त्याच्याकडे रोखून बघू लागले, आणि ते खोलीत शिरले की बहीण-भावाची कुजबुज बंद पडे.

“काय रे, हल्ली मोबाइलवर फार असतोस?”

“नोकरी शोधतोय, भावोजी.”

“नोकरी, की गिऱ्हाईक?”

मेहुणा गोंधळला. म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय! डॉक्टरांनी खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी दाराला कान लावून उभे असताना त्यांना बायकोने पकडलं.

“अहो, काय चाललंय?”

“दार कुरकुरतंय, ते बघतोय.”

“मग तेल लावा. कान काय लावताय?”

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज. डॉक्टर दवाखाना बंद करून तडक ब्रोकरच्या ऑफिसात धडकले.

“माझ्या खात्यावर दरोडा पडलाय! मेहुण्याचं नाव लिहून घ्या!”

काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “मोबाइल नंबर तुमचा आहे. खातं तुमचं नाही.”

“अहो, शेअर मी निवडलेत!”

“निवडले असतील. पण खातं एका मॅडमच्या नावावर आहे. त्या स्वतः येऊन सही करून विकतात. तुम्ही त्यांचे कोण?”

टॅक्स वाचवायला खातं बायकोच्या नावाने उघडलं होतं, हे डॉक्टरांना तेव्हा आठवलं.

“अगं, सोन्यासारखा शेअर विकलास?” घरात पाऊल टाकताच ते गरजले.

“निम्माच विकला. सगळं घर एका पंपावर किती दिवस चालवायचं? थोडे बाँड घेतले, थोडी मुदत ठेव, बाकी चार वेगळ्या धंद्यांतले शेअर.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगत होते. तुम्ही पंपाची गोष्ट सांगत होतात.”

“आणि ती कुजबुज?”

“तो विचारत होता, भावोजी माझ्याकडे असे का बघतात.”

डॉक्टरांनी अबोला धरला. तो चालू असतानाच पंपवाल्या कंपनीची मोठी ऑर्डर रद्द झाली आणि भाव धाडकन आपटला. डॉक्टरांनी एक डोळा मिटूनच खातं उघडलं. पंपाची धूळधाण झाली होती. बाकीचं सगळं जागच्या जागी होतं. मुलीची फीसुद्धा.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन घुटमळले. “निवड चुकलीच म्हणायची माझी.”

“छे! निवड तुमची चांगलीच असते. मला नाही का निवडलंत?”

डॉक्टर एकदम खुलले. “तिथे मात्र मी सगळं एकाच ठिकाणी लावलंय हं!”

बायकोने गॅस बारीक केला, वळली आणि त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाली, “नक्की ना?”