रुमावबाबांचं अर्धं गाणं

रुमावबाबा फिडल फार गोड वाजवत, पण गाणं कधीच पुरं करत नसत. रंगात आलं की गज खाली. लग्नाच्या वरातीत त्यांच्या बाजूला पेद्रू उभा असे. त्याचं काम एकच, बाबा थांबले की उरलेलं वाजवायचं. लोक म्हणत, "आमच्या तारोडीत एका गाण्याला दोन वाजंत्री लागतात."

मी मोरव्याचा. आमच्या घरातला पहिला बी. ए. तारोडीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा बाबांनी मला राहायला ओटीलगतची खोली दिली. भाड्याचं विचारलं, तर म्हणाले, "पोरांना शिकवता ना? मंग झालं." ते उपकार मी विसरलेलो नाही.

त्यांच्या गोष्टीही तशाच अर्ध्या. माशाने राजपुत्राला गिळलं की बाबा विडी पेटवत. पोरं ओरडत, "बाबा, पुढं काय झालं?"

"तो आत हाय ना? मंग जिता हाय. ऱ्हाऊ दे."

हे सगळं सुरू झालं ते त्यांचा मुलगा जुजे बोटीवर आचारी म्हणून गेला त्या दिवसापासून. धक्क्यावर बाबा जुजेच्या आईचं गाणं वाजवत होते. ती तेव्हा हयात नव्हती. बोट हलली आणि बाबा मध्येच थांबले. "सूर पुरा झाला का मानूस गेला. अर्धा ठेवला का त्याला परत यायला लागतं." पुढे लढाई पेटली आणि जुजेची खबर येईनाशी झाली.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेला. एकदा म्हणालो, "बाबा, गाण्याचा आणि बोटीचा काय संबंध?"

"मास्तर, तुमी परीक्षेला निघाले तवा आयनं हातावर दही दिलं का न्हाय?"

"दिलं."

"दह्याचा आन पेपराचा काय संबंध?"



मग बाबांच्या मुलीचं, सबीनचं लग्न ठरलं. वरात निघताना आईचंच गाणं वाजावं असा तिने हट्ट धरला. विहीणबाई पेद्रूला बजावत होत्या, "पुरं वाजव रे! अर्ध्यावर सोडलं तर सून उद्या माहेरी परत." लोक हसले. बाबा हसले नाहीत. ती बाई त्यांचाच नियम बोलून गेली होती.

लग्नाच्या दिवशी मांडवात बाबांनी गाणं धरलं. नेहमीच्या थांबायच्या जागी आले. पेद्रूने गज उचलला. बाबांनी मान हलवली, "न्हाय. पोरगी माझी हाय."

आणि ते पुढे वाजवत गेले. ज्या सुरांना त्यांनी इतकी वर्षं हात लावला नव्हता, तिथे बोटं अडखळली, एक स्वर चक्क बेसूर लागला. पण गाणं पुरं झालं. सबीन त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि वरात गेली.

मांडव रिकामा झाला. पेद्रू माझ्याजवळच आपलं फिडल आवरत होता. खुर्च्या गोळा करता करता मी पाहिलं, बाबा दर्याकडे तोंड करून पायरीवर बसले होते. त्यांनी खुंट्या पिळल्या आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. हळू, कोणालाही ऐकू जाऊ नये असं. त्या जागेवर आले आणि थांबले.

सवयीने पेद्रूने गज उचलला.

मी त्याचा हात धरला.