दाजींची ओळ सगळ्यात वर

धम्मानंद पाईकरावानं प्रिंटरमधून निघालेला कागद उजेडाला धरला आणि खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. कागदावर त्याच्या धाकट्या बहिणीच्या, ऐश्वर्याच्या लग्नाची पत्रिका होती. म्हणजे असायला हवी होती. 'मंगल परिणय' तेवढं नीट आलं होतं. खाली नवरीच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन, नवरदेवाच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन, आणि लग्नाचं ठिकाण तर सगळंच चौकोनांत गेलेलं.

"झाली का पत्रिका?" आतून बायकोनं, सपनानं विचारलं.

"झाली. चौकोनांचं लग्न चौकोनांशी लावायचं असलं तर झाली."

औंढ्यात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स आणि लग्नपत्रिका. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्या प्रिंटरमधून निघाली होती. त्यामुळं साखरपुड्यात व्याह्यांपुढं त्यानं छातीठोक सांगून टाकलं होतं, "पत्रिका आमच्याकडनं. दोन्ही घरच्या!" आता रविवारी जवळा बाजारहून व्याही नमुना बघायला येणार होते, आणि लग्न तोंडावर आलेलं. नवरीच्या भावाचं दुकान असून पत्रिका निघाल्या नाहीत, असं मांडवात कुणी बोललं असतं तर ते ऐश्वर्याला जन्मभर सासरी ऐकावं लागलं असतं.

मूळ दुखणं एवढंसं होतं. व्हायरसनं कॉम्प्युटर दोनदा धुऊन नेला, तेव्हा कॉलेजातल्या माऊली सरांनी त्याला विंडोजच्या जागी लिनक्स बसवून दिलं. लिनक्सला लागणारं सामान, अक्षरांचे फॉन्ट, प्रिंटरचे प्रोग्राम, सगळं इंटरनेटवरच्या कोठारांतून येतं. त्या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात. एका फाइलीत कोठाराचा पत्ता एका ओळीत लिहिला की कॉम्प्युटर तिथून माल उचलतो. लिनक्सची स्वतःची एक मूळ रिपॉझिटरी असते आणि साध्या माणसाचं तेवढ्यात भागतं. पण साध्या माणसाला नातेवाईक असतात.

एके दिवशी पत्रिकेतल्या वेलांट्या जरा सरकायला लागल्या. नेमके त्याच दिवशी थोरल्या बहिणीचे यजमान, ग्यानोबा दाजी, नांदेडहून आले होते. दाजी तिथं आयटीआयमध्ये शिकवत.

"काहून जुनाट माल वापरून राहिला रे?" दाजी म्हणाले. "लिही, मी सांगतो ती रिपॉझिटरी. एकदम ताजी हाय."

घरच्या जावयाला नाही कोण म्हणणार? धम्मानंदनं ओळ लिहिली. वेलांट्या जागेवर आल्या आणि प्रिंटर बंद पडला.

मग त्यानं पुण्यात कंपनीत असलेल्या मावसभावाला, प्रज्ञेशला फोन लावला. प्रज्ञेश फोनवरच हसला. "दाजींचं काय ऐकतो? आमी हापिसात वापरतो ती टाक." ती टाकली. प्रिंटर सुरू झाला, पण पडद्यावरचं मराठी गेलं. मग माऊली सर सीडी घेऊन आले. लिनक्स त्यांनीच बसवलेलं, शिवाय कॉलेजचं टायपिंगही त्यांच्याच हातात. त्यांचीही रिपॉझिटरी घ्यावी लागली. पडद्यावर मराठी परतलं आणि कागदावर चौकोन आले.

आता या ओळींचा क्रम कसा लावावा, हे धम्मानंदला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आपल्या अकलेनं मानाप्रमाणं लावला. सगळ्यात वर दाजी, कारण घरचे जावई. मग सर. सगळ्यात खाली प्रज्ञेश, कारण वयानं लहान आणि तोंडानं मोठा. पण लिनक्सला ना नातं कळतं, ना वय. ज्या कोठारातला माल नवा दिसेल, तो ते उचलतं. फॉन्ट दाजींकडून, प्रिंटरचं सामान पुण्याहून, मधला दुवा सरांकडून. मग सामानाचं एक गाठोडं, ज्याला पॅकेज म्हणतात, ते म्हणे, अमकं आलं तरच मी येईन. अमकं म्हणे, तमकं घरात असलं तर मी पायरी चढणार नाही. धम्मानंदला हे ऐकून ओळखीचं वाटलं. गेला महिनाभर लग्नाच्या आमंत्रणांत तो नातेवाइकांकडून हेच ऐकत होता.

बरं, एखादी ओळ काढून टाकावी, तर तीही सोय नव्हती. जो तो दुकानात आला की आधी आपली ओळ बघायचा. मग धम्मानंदला एक युक्ती सुचली. ओळीच्या सुरुवातीला एक जाळीचं चिन्ह (#) टाकलं की ओळ दिसते, पण कॉम्प्युटर ती वाचत नाही. मान राहतो, ताप जातो. त्यानं तिन्ही ओळींपुढं चिन्हं टाकली, कागदावरच्या चौकोनांचं उद्या बघू म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

शुक्रवारी दाजी आले आणि फाइल उघडून बसले.

"हे काय? माझं तोंड बांधून ठेवलं व्हय?"

"तसं न्हाई दाजी, सगळ्यांचंच..."

"सगळ्यांत मला धरतो? बराबर हाय. लग्नात बी मला असंच बसवजो एका कोपऱ्यात. दिसलो म्हंजे झालं. न्हाईतर येतच न्हाई, तुमाला कशाला तकलीफ!"

थोरली बहीण फोनवर रडली. आईनं भाकर खाल्ली नाही. धम्मानंदनं दाजींच्या ओळीपुढचं चिन्ह काढलं. ते कळल्यावर सरांचं काढलं. प्रज्ञेशनं पुण्याहून विचारलं, त्याचंही काढलं. शनिवारी दाजी परत आले आणि समेट झाल्याच्या आनंदात म्हणाले, "आता सगळं एकदा अपडेट मार."

पडद्यावर प्रश्न आला, की एवढी एवढी पॅकेजं काढून टाकावी लागतील, चालेल का? यादी पडद्याच्या खाली जाऊनही संपेना.

"दाजी, हे तर सगळंच काढून राहिलंय."

"हो म्हण. जुनं गेल्याबिगर नवं येईल का?"

धम्मानंदनं हो म्हटलं. लाइट जायच्या आत सगळं निघून गेलं. खिडक्या गेल्या, चित्रं गेली, माउसचा बाणसुद्धा गेला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. दाजींनी घड्याळ बघितलं, नांदेडची शेवटची गाडी आठवली आणि ते चपला घालून निघाले.

धम्मानंद तसाच बसून राहिला. त्याला रागसुद्धा येईना. रागाला जोर लागतो.

"मी काय म्हणते," सपना म्हणाली, "शटर आतून लावा. सगळं पुसा, लिनक्सची मूळची सीडी घाला. कुण्णाकुण्णाची ओळ लिहू नका. पत्रिका निघेपर्यंत दाजीला मी सांगते, तुमी आजारी हाव."

रविवारी दुपारी, बंद शटरच्या आत घामानं निथळत, धम्मानंदनं ते केलं. एकच मूळ रिपॉझिटरी. जरा जुना माल, पण एकाच घरचा. त्यानं पत्रिका टाईप केली, जीव मुठीत धरून प्रिंट दिली, आणि कागद बाहेर आला. नवरी होती. नवरदेव होता. ठिकाण होतं. वेलांट्यासुद्धा जागच्या जागी. सपनानं कागद हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात शटर वाजलं. जवळा बाजारचे व्याही, सोनाजी वाठोरे, आणि त्यांच्यासोबत खुद्द नवरदेव संघपाल. पोरगा औरंगाबादला कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता. सोनाजींनी पत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली आणि मान डोलावली. "फक्कड झाली. आता सगळ्या काढा. आमी घेऊनच जातो."

संघपाल मात्र पडद्याकडं बघत होता.

"दादा, लिनक्स हाय व्हय? अन् नुसती एकच रिपॉझिटरी?" त्यानं स्टूल पुढं ओढलं. "थांबा, एक भारी टाकून देतो. फॉन्ट असे चकाचक होतील की बघतच राहाल."

दाजी जुने जावई होते. हा तर अजून व्हायचा होता. लग्नाआधी नवरदेवाला नाही म्हणायचं? त्यानं सपनाकडं बघितलं. सपनानं भिंतीकडं. धम्मानंद उठला आणि त्यानं निमूटपणे आपली खुर्ची नवरदेवाला दिली.

संघपालनं बोटं मोडली आणि कीबोर्डवर ठेवली.

"हात काढा."

चहाचा ट्रे घेऊन ऐश्वर्या आतल्या दारात उभी होती. परभणीला नर्सिंगचा कोर्स करून ती परवाच घरी आली होती.

"आधी पत्रिका छापू द्या," ती म्हणाली. "मंग काय टाकायचं ते टाका. तुमच्या सोताच्या कॉम्प्युटरात."

संघपालनं आधी तिच्याकडं, मग बापाकडं पाहिलं. मग हात काढून मांडीवर ठेवले. "बरं," तो म्हणाला.

आणि सोनाजी एवढ्या मोठ्यानं हसले की ऐश्वर्याच्या ट्रेमध्ये चहा सांडला. "आमच्या घरचा कॉम्प्युटर ह्यानंच चकाचक केलता. दोन म्हयने झाले, बंद पडून हाय. कोणी न्हाईच म्हणत नव्हतं लेकराला. लई चांगली सून भेटली पाव्हणं, लई चांगली!"

धम्मानंदनं प्रिंट दिली. पत्रिका एकामागून एक बाहेर पडू लागल्या, अक्षर न अक्षर नीट. तो त्यांची चवड लावत राहिला. इतक्या दिवसांचा शीण हळूहळू उतरत होता, पण पत्रिकेवरचं बहिणीचं नाव वाचता वाचता त्याला एकदम भडभडून आलं. अख्ख्या खानदानात तोंडावर न्हाई म्हणू शकणारं एकच माणूस होतं, आणि तेच आता जवळा बाजारला चाललं होतं.