इंजिनाला आलेला बदामाचा वास

"नॉर्मा, माझ्या खोक्याला हात लावू नकोस हं!"

"मी कशाला लावतेय? चार वर्षं तूच त्याला कुरवाळत बसलायस. मला नाही कधी इतकं कुरवाळलंस!" नॉर्मा स्वयंपाकघरातून ओरडली.

इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या विल्फ रॅम्सडेनने चार वर्षं खपून एका डिझेल इंजिनाचं पितळी मॉडेल बनवलं होतं. दीड फूट लांब, बारा चाकं, दोन्ही टोकांना पुढे आलेली नाकं आणि अंगावर गडद हिरवा रंग. तरुणपणी रेल्वेच्या दुरुस्ती शेडमध्ये त्याने याच जातीच्या इंजिनांच्या पोटात शिरून अर्धं आयुष्य काढलं होतं. आज मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये रेल्वे-मॉडेल क्लबचं प्रदर्शन होतं आणि परीक्षक होते क्राउदरसाहेब. या गृहस्थांनी सलग पाच वर्षं विल्फला इतिहासाच्या गुणांत, म्हणजे मॉडेल त्या काळाशी जुळतं का यात, आपटवलं होतं. यंदा मात्र बक्षीस आणणारच, असं विल्फने पबमध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते न मिळालं तर त्याला पब बदलावा लागला असता.

आजच विल्फचा पासष्टावा वाढदिवसही होता. नॉर्माने त्याच्या नकळत हुबेहूब त्याच इंजिनाचा केक केला होता, मापं त्याच्याच नकाशावरून चोरून. ती फुलांच्या दुकानात कामाला होती. तिथून तिने लिलीच्या फुलांची दोन लांब खोकी आणली होती, एक त्याच्या मॉडेलला, एक केकला. सकाळी तिने केक दाराजवळच्या गार बोळात टेबलावर ठेवला, कारण साखरेचा लेप पाघळायला नको. आणि त्या टेबलावरचं मॉडेल उचलून दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलं, कारण त्याला धक्का लागायला नको. एवढी काळजी घेऊन ती केस धुवायला वर गेली.

"निघतो गं!" म्हणत विल्फने बोळातलं खोकं काखोटीला मारलं आणि बस पकडली. वजनाने संशय यायचं कारण नव्हतं. तिकडे पितळ होतं, तर इकडे मनुके, बेदाणे आणि अर्धी बाटली ब्रँडी.

हॉलमध्ये त्याने झाकण उघडलं आणि पुन्हा वाकून पाहिलं. इंजिन होतं, हिरवंही होतं. पण चाकांच्या जागी पाँटफ्रॅक्ट गावच्या ज्येष्ठमधाच्या गोल काळ्या वड्या होत्या आणि छपरावर आयसिंगने लिहिलं होतं, 'म्हाताऱ्या, जपून हाक!'

तेवढं वाक्य त्याने बोटाने पुसून बोट चाटलं, तोच क्लबचा चिटणीस डेस आला. "आणलंस का शेवटी? दाखव, दाखव!" त्याने केक उचलून टेबलावर मांडलासुद्धा आणि विल्फची पाटी समोर उभी केली: 'कारखान्यातून बाहेर पडताना, १९६१.' मग तो थबकला. "विल्फ, तुझ्या इंजिनाला बदामाचा वास येतोय."

"वंगण," विल्फ म्हणाला. "नवीन निघालंय."

पुढे काही सुचायच्या आत क्राउदरसाहेब समोर उभे राहिले. सर्दीने त्यांचं नाक चोंदलं होतं, आणि परीक्षकाने मॉडेलला हात लावायचा नाही या नियमानुसार हात पाठीशी बांधलेले होते.

"हा हिरवा रंग कुठे मिळाला?"

"घरीच ढवळला, साहेब."

"कडा जरा गोलसर वाटतात."

"वय झालं की येतोच गोलसरपणा."

"आतून पोकळ?"

"छे! भरगच्च."

साहेब वाकले. त्यांचा चष्मा इंजिनाच्या नाकाला टेकायचाच राहिला. "पिवळा पट्टा दिसत नाही!"

विल्फने डोळे मिटले. संपलं.

"शाब्बास, रॅम्सडेन! सगळे जण तोंडावर पिवळा पट्टा फासतात. पाटीवर एकसष्ट साल लिहितात आणि पट्टा फासतात! पट्टा मागाहून आला, इंजिन लांबून दिसावं म्हणून. सुरुवातीची इंजिनं कारखान्यातून निघाली ती निखळ हिरवी. इतिहासाचे पैकीच्या पैकी!"

विल्फने डोळे उघडले. घरच्या मॉडेलवर त्याने एका केसाच्या कुंचल्याने दोन्ही तोंडांना पिवळे पट्टे रंगवले होते. एकेकाला तीन-तीन हात!

"विल्फ, फोन!" डेसने हाक मारली. "बायको आहे. रडतेय का हसतेय, कळत नाही."

"अरे, काय घेऊन गेलास तू?" नॉर्मा ओरडली. "इथे एडना आलीय." एडना म्हणजे तिची बहीण. "मी वर होते, तर हिने तुझ्या मॉडेललाच केक समजून मेणबत्त्या चिकटवायला घेतल्या! लेप फार कडक झालाय म्हणे, म्हणून मेण वितळवून. ज्योत लागून एका तोंडाचा पिवळा पट्टा सोलून निघालाय रे!"

"दुसऱ्या तोंडाचाही काढ म्हणावं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"नॉर्मा, तू केकला पट्टा का नाही लावलास?"

"पिवळा रंग संपला होता. का?"

विल्फ परतला तेव्हा टेबलावर पहिल्या बक्षिसाचं कार्ड लागलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. पाच वर्षं याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता त्याला मान वर करवेना.

"साहेब," तो म्हणाला, "हे माझं काम नाही. माझ्या बायकोचं आहे. आणि... हा केक आहे."

क्राउदरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेन काढून कार्डावरचं 'विल्फ' खोडलं. "बाईंचं नाव काय?"

अर्ध्या तासाने नॉर्मा आणि एडना टॅक्सीने मॉडेल घेऊन धावत आल्या, तेव्हा केकचं मागचं नाक गायब होतं आणि साहेबांच्या मिशीला हिरवं आयसिंग लागलं होतं.

"बाई, पट्टा गाळण्याचा तुमचा निर्णय! काय हा अभ्यास!"

"कसला पट्ट—" नॉर्मा म्हणाली आणि विल्फने तिच्या पायावर पाय दिला, तशी ती सावरली. "हो तर! खूप विचार केला मी."

"पुढल्या वर्षी माझ्या जोडीला परीक्षक म्हणून याल?"

नॉर्माने कार्ड पर्समध्ये टाकलं. मग दोन्ही हात पाठीशी बांधून ती विल्फच्या मॉडेलवर वाकली, चांगली मिनिटभर.

"मिस्टर रॅम्सडेन," ती म्हणाली, "छपरावर हे मेण कसलं?"