ताईंच्या कानातला कापूस

ताईंनी 'जरब' या शब्दावर पेन्सिल टेकवली आणि टेबलाशी चित्रकार येऊन उभा राहिला.

"ताई, स्टेपलर आहे का?"

"आहे. घ्या."

"नको, आत्ता नकोय. असलेला बरा, म्हणून विचारून ठेवलं."

तो वळतो न वळतो तोच टेलिफोनवाली आली. आपण त्रास द्यायला आलेलो नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पाठोपाठ संपादकसाहेब डोकावले. "बाई, कुणी मध्ये मध्ये येत नाही ना? मुद्दाम बघायला आलो."

प्रकाशनसंस्थेच्या त्या लांबट खोलीत ताईंचं टेबल दार आणि पाण्याचं पिंप यांच्या बरोबर मध्ये होतं, त्यामुळे वाटसरूंना तोटा नव्हता. त्यात सचित्र शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं शुक्रवारी छापखान्यात जायची होती. पहिल्या आवृत्तीच्या वेळी असंच कुणीतरी काहीतरी विचारायला आलं, ताईंची नजर हलली आणि 'जावई : मुलीचा नखरा' असं छापून गेलं. गावोगावचे जावई खवळले. सासऱ्यांची अभिनंदनाची पत्रं आली ती वेगळीच. पण ताईंच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. या खेपेला एका अक्षरानंही दगा देता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून सोमवारी त्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालूनच आल्या. "कान दुखतात. औषध घातलंय. आठवडाभर काही ऐकू यायचं नाही," असं त्यांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं. बोळे अर्थात नावालाच होते.

सकाळ सुखात गेली. जावई या वेळी मुलीचा नवराच निघाला. दुपारी मात्र हिशेबनीस आले. हा गृहस्थ इतक्या वर्षांत 'नमस्कार'च्या पुढे गेला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात सुरुवात केली.

"तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून बोलतो. मुलगी नोकरीला परगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बायको समोर येऊन बसते आणि मला काय बोलावं तेच सुचत नाही हो. काल म्हटलं, 'पंखा फिरतोय.' ती म्हणाली, 'हो.' संपलं!"

ताईंनी मान वर केली नाही, पण पेन्सिल एकाच ओळीवर घुटमळत राहिली.

हिशेबनीस परतले ते असे तरतरीत होऊन, की टेलिफोनवालीनं लगेच ती खुर्ची पकडली. "ताई, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं मी फोनवर सांगते ना, तेव्हा ते आत घोरत असतात. खोटं बोलून बोलून जीभ झडेल माझी." तिच्यामागून चित्रकार आला. "ताई, 'उंट'शेजारच्या चित्रात चेहरा साहेबांचा आहे. रागाच्या भरात काढला. आता पुसायला हात होत नाही, फार छान जमलाय."

ताईंनी ओठ इतके घट्ट दाबले, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बिचाऱ्या! ठणका लागलेला दिसतोय," चित्रकार हळहळला.

पूर्वी माणसं उभ्या उभ्या यायची, आता ती ऐसपैस बसू लागली. प्रुफं घरी नेऊन तपासायची पाळी ताईंवर आली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्याचं बघून खुद्द साहेब आले आणि खुर्चीच्या काठावर टेकले.

"बाई, मनाला खातं आहे, म्हणून सांगतो. शुक्रवारचं काही खरं नाही. छापखान्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. काम रेंगाळू नये म्हणून मीच आपली अलीकडची सांगितली. आणि तुम्ही कानांची ही दशा करून घेतलीत."

"काय?" ताई ताडकन उठल्या.

साहेबही उठले. "ऐ... ऐकू आलं?"

ताईंनी एकेक करून दोन्ही बोळे काढले. "सोमवारपासून सगळं ऐकू येतंय, साहेब."

कुणी कुणाला बोलायचं, हेच दोघांना कळेना. साहेब पुटपुटले, "मग घ्या महिनाभर," आणि लगबगीनं आपल्या खोलीत शिरले.

डबा विसरला म्हणून परत आलेली टेलिफोनवाली नेमकी दारात होती. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारभर एकेक जण पडलेल्या चेहऱ्यानं टेबलाशी येऊ लागला. "ताई, नक्की काय काय ऐकू आलं?"

त्या चेहऱ्यांकडे बघून ताईंना खरं सांगवेना. "साहेबांचंच तेवढं. ते मोठ्यानं बोलतात. बाकी काही नाही."

टेलिफोनवालीनं त्यांचा हातच धरला. चित्रकार शीळ घालत गेला. शेवटी हिशेबनीस आले.

"काहीच नाही ऐकू आलं?"

"एक अक्षर नाही."

हिशेबनिसांचा चेहरा उतरला. "अरेरे. मला आपलं वाटलं होतं, आलं असेल तर तुम्ही काहीतरी सुचवाल." त्यांनी खुर्ची ओढली. "बरं, मग पहिल्यापासून सांगतो."

ताईंनी प्रुफं बाजूला सारली आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगितलंत ना, अगदी अस्संच घरी जाऊन त्यांना सांगा."

"तिला?" हिशेबनीस दचकले. "अहो, पण तिला ऐकू येतं!"