दार लावून केलेला सर्व्हे

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी सरकारला एकदम जाणून घ्यावंसं वाटलं, की शेतकऱ्याला झोप लागते का. (अळी यायच्या आधी चौकशी केली असती तर बरं झालं असतं, पण सरकारचं सगळंच सावकाश.) घरोघर फॉर्म भरायचं काम आलं ग्रामपंचायतीचे लिपिक पंजाबराव यांच्याकडे. सोबत परिपत्रक : कुटुंबाची माहिती खासगी आहे, तिसऱ्याच्या कानी जाता कामा नये.

पंजाबरावांनी ते दोनदा वाचलं आणि ठरवलं, दार लावूनच विचारायचं.

पहिलंच घर माणिकबाईचं. एकटी म्हातारी, कानानं पार बहिरी. मुलगा विपुल नांदगाव पेठेला कापडगिरणीत. दोन दिवाळ्या फिरकला नव्हता.

आता आमच्याकडे दिवसाढवळ्या दार लागतं ते माणूस परगावी गेलं तरच. त्या वर्षी तर बंद दार दिसलं की आत कोणी जिवाचं बरंवाईट केलं का, हीच गावाला धास्ती. कडी वाजली अन् शेजारची दुर्गाबाई पिठाच्या हातानं धावली. मागून अख्खी गल्ली. पंजाबरावांची बायको सुभद्राही त्यात. आधी धसका घेतला, मग आतून आवाज आला तसे सगळ्यांनी दाराला कान लावले.

आत पंजाबराव कुजबुजले, "काकू, झोप लागते का?"

"आँ?"

"झोप! झोप लागते काय?"

"बोंबलून नोको विचारू ना बाबू! नाही लागत. शेत विकून राहिली मी. अकोटचा माणूस परवा येते. कोणाले सांगजो नोको. विपुलले तं मुळीच नाही!" (बहिऱ्या माणसाची कुजबूज वेशीपर्यंत जाते.)

"कावून विकता?"

"आँ?"

"शेत कावून विकता?"

"पाहाले कोण हाय मले?"

पंजाबराव बाहेर आले, तर ही गर्दी! "कायले जमले? माहिती गोपनीय हाय!" सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या.

संध्याकाळी चुलीशी सुभद्रानं विचारलं, "काय म्हणे माणिकबाई?"

"नाही सांगत."

"मले बी नाही?"

"सरकारचा हुकूम हाय."

"मंग सरकारलेच म्हणा भाकर टाकून दे."

पंजाबराव उपाशी राहिले, पण ताठ मानेनं राहिले. (सकाळी मान धरली, ती गोष्ट वेगळी.)

पहिल्या एसटीनं विपुल पंजाबरावांच्या दारात हजर. "माय शेत विकून राहिली, अन् मले गावातून अकरा फोन! ही तुमची गोपनीयता?"

"देवाशप्पथ, मी बायकोलेबी नाही सांगतलं!"

"सांगाची गरजच काय?" सुभद्रा म्हणाली. "मी दाराशीच होती. तुमच्या पोटात काही राह्यते का, तेवढं पाहून राहिली होती."

पंजाबराव काळेठिक्कर पडले. नोकरी तर जाणारच, वर म्हातारीचा विश्वासही गेला. दुपारी हात जोडून माफी मागायला गेले. माणिकबाई विपुलला वाढत होती. तो अकोटच्या माणसाला फोनवर 'येऊ नका' सांगून मोकळा झालेला.

"काकू, चुकलो!" पंजाबराव ओरडले.

"चुकला कायचा?" माणिकबाईनं लेकाच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "दोन वर्सं सादे निरोप धाडले, पोट्टा हालला नाही. आता काही गावभर करायचं असलं तं तुलेच बोलावीन, बाबू. दार मातर लावत जा. उघड्या दारी तुह्यं कोण ऐकते?"