पहारेकऱ्यांनी खाल्लेला सर्व्हर

"आज दुपारच्या जेवणाआधी चोर पकडून देतो, काकू!" श्रेयसने छाती ठोकून सांगितलं. जे कळत नाही त्यावरच सगळ्यात मोठ्याने बोलायचं, हा कॉम्प्युटरवाल्यांचा जुना आजार. तोंडावर सांगतो, राग आला तर येऊ दे!

वत्सलाकाकूंचा पेणमध्ये गणपतींचा कारखाना. मॉरिशसला निघालेल्या सहाशे चाळीस मूर्ती खोक्यांत बसून तयार, दारात कंटेनर उभा. पण कुठलं खोकं कुठल्या पत्त्यावर, ते सगळं सर्व्हरच्या पोटात. आणि सर्व्हरची मेमरी कुणीतरी चोरून खाल्ल्यासारखी तासाभरात संपायची, की तो दातखीळ बसल्यासारखा गप्प! परत चालू करावा, तर थोडी लेबलं छापून पुन्हा आडवा.

"पाचच्या आत गाडी बंदराच्या वाटेला लागली पायजे," काकू म्हणाल्या. "बोट चुकली तर बाप्पा चतुर्थी झाल्यावर पोचतील. मग तू पण या कारखान्यात दिसायचा नाय."

श्रेयसने लगेच प्रोफायलर लावला. सर्व्हरला कोण काय विचारतं ते टिपत बसणारा पहारेकरीच तो. आता सर्व्हर अर्ध्या तासात झोपला.

"बघितलंत? चोर बिथरला!" श्रेयस खूश.

त्याने रोह्यातल्या नावेदला फोन लावला. दोघं मिळून हा सर्व्हर सांभाळायचे, नावेद घरूनच.

"नावेद, तू आत काही केलंस?"

"कसम से, काय नाय! मी फक्त बघतोय."

"मी पण फक्त बघतोय!"

"मग खातंय कोण, यार?"

दोघंही खरंच बोलत होते, हीच तर गंमत! पाच मिनिटांनी नावेदचा फोन. "अरे, आत कोणीतरी घुसलाय! सारखा टिपणं काढतोय!"

"मला पण एक दिसतोय! थांब, त्याच्यावर अजून एक पहारा बसवतो."

"मी दोन बसवतो!"

सर्व्हर सात मिनिटांत गार. तीन वाजले. जेवण राहिलं, चोरही राहिला. दीडशे खोकी लेबलाविना उघडीबोडकी. कंटेनरचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला.

श्रेयस येरझारा घालत आखणीच्या खोलीत गेला. तिथे काशीबाई गावच्या मूर्तींचे डोळे काढत होत्या. डोळे काढताना पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही, हा कारखान्याचा रिवाज. हा नेमका पाठीमागेच!

"मेल्या, हट तिथून!" काशीबाई कडाडल्या. "तू बघत राह्यलास की माझं अर्धं ध्यान तुझ्याकडं जातं. मग डोळा कधी काढू?"

श्रेयस जागच्या जागी खिळला. मग धावत सुटला.

"नावेद! तू 'बघतोयस' म्हणजे नेमकं काय करतोयस?"

"प्रोफायलर लावलाय."

"किती?"

"...तीन."

"गाढवा, माझे पण दोन आहेत! सगळे बंद कर!"

पाचही बंद केले. तरी मेमरी हळूहळू गळतच होती. आता मात्र श्रेयसची फुशारकी जिरून नुसतं कुतूहल उरलं. यादीत तळाशी एक सहावा निघाला. सर्व्हर चालू झाला की आपोआप सुरू होणारा, टिपलेलं सगळं मेमरीतच साठवणारा, अकरा महिन्यांचा जुना. "सर्व्हर जरा हळू का चालतो" ते बघायला कुणीतरी लावलेला आणि विसरलेला. लावणाऱ्याच्या रकान्यात नाव: श्रेयस.

त्याने टिपणांतल्या शेवटच्या ओळींची नक्कल काढली आणि गुपचूप तो बंद केला. मेमरी धाडकन रिकामी! लेबलं सटासट निघाली आणि पावणेपाचला कंटेनर हलला.

जाताजाता त्याने त्या नकलेत डोकावून बघितलंच: या पठ्ठ्याने टिपलं तरी काय? बहुतेक ओळी एकसारख्याच. श्रेयसनेच गेल्या आठवड्यात लावलेला दुसरा एक प्रोग्रॅम सर्व्हरला सेकंदासेकंदाला विचारत होता, "मेमरी किती उरली?"

"चोर कोण होता रे?" काकू दारात.

"काकू, ती जरा तांत्रिक अडचण..."

"काकू, त्याच्यावर श्रेयसचंच नाव हाय!" फोनवरून नावेद ओरडला. फोन अजून चालू आणि स्पीकरवर आहे, हे श्रेयस विसरलाच होता.

काकूंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "म्हणजे तू काहीच केलं नसतंस, तर?"

"तर... नीट चाललं असतं."

"मग ऐक. नोकरी राहील. पण उद्यापासून यायचं, बसायचं, आणि काहीच करायचं नाय. जमेल?"

श्रेयसने मान डोलावली. दोन पावलं गेला, मग मागे वळला.

"काकू, पण मधूनमधून नुसतं बघितलं तर चालेल ना?"